इन्शुलिन पंप वापरणारे बालक आणि व्यायाम : रक्तशर्करेचे नियोजन

मधुमेही रुग्णास व्यायाम सांगणे हे वैद्याच्या अंगवळणी पडलेले काम आहे. स्थूल, बैठ्या कामाचा, पन्नाशीतला रुग्ण समोर आला की चंक्रमण, सूर्यनमस्कार, दिवास्वप्नाचा त्याग हे सारे आपण ओघाने सांगतो आणि ते योग्यच असते. परंतु कमरेला लहानसे यंत्र लावलेले दहा-अकरा वर्षांचे कृश बालक सर्दी-खोकल्यासाठी चिकित्सालयात येते आणि त्याची आई जाता जाता विचारते, “डॉक्टर, याला कबड्डी खेळू देऊ का?” अशा वेळी तो ओघाने दिलेला सल्ला उपयोगी पडत नाही. प्रसंगी तो घातकही ठरतो.

इन्शुलिन पंप वापरणाऱ्या बालकांची संख्या आपल्याकडे अद्याप मर्यादित आहे. पंपाची किंमत काही लाखांत जाते आणि दरमहा लागणाऱ्या साहित्याचा खर्च वेगळा असतो. तरीही शहरांत आणि तालुक्याच्या गावीही अशी बालके आता दिसू लागली आहेत. त्यांचे इन्शुलिन बालमधुमेहतज्ज्ञ ठरवितात व ते त्यांनीच ठरवावे. मात्र ज्वर, कास, अजीर्ण, कृमी, अभ्यंग, बल्य औषधे यांसाठी ही बालके आपल्याकडे येत राहतात. म्हणून पंप कसा चालतो, खेळताना शर्करा का उतरते आणि आपल्या औषधांमुळे त्यात काय फरक पडतो, हे वैद्याने व औषधी विक्रेत्याने जाणून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

हा मधुमेह कोणता?

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात प्रमेहाचे सहज व अपथ्यनिमित्तज असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्यातील रुग्ण कृश, रूक्ष, अल्पाशी व तृषार्त असतो. दुसऱ्यातील स्थूल, बह्वाशी व शय्यासनप्रिय असतो. चरकाचार्यांनीही प्रमेहचिकित्सेत स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असा भेद करून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे.

आजच्या परिभाषेतील टाइप १ मधुमेहाशी सहज प्रमेहाचे वर्णन पुष्कळसे जुळते. परंतु हे सादृश्य आहे, एकरूपता नव्हे. सहज प्रमेहाचे कारण बीजदोष सांगितले आहे. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींचा नाश करते. काही काळाने शरीरात इन्शुलिन जवळजवळ उरत नाही. ते बाहेरून मिळाले नाही तर रुग्ण जगत नाही. टोरांटो येथे १९२१ साली इन्शुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम देण्यात आले. त्यापूर्वी या आजारातील बालके उपासमारीच्या आहारावर काही महिने वा फार तर थोडी वर्षे काढीत.

आपल्या शास्त्राने केलेला स्थूल-कृश भेद या ठिकाणी अत्यंत उपयोगी आहे. स्थूल प्रमेह्यासाठी सांगितलेले लंघन, रूक्षण व अतिव्यायाम या बालकाला लागू नाहीत. एवढा एक भेद पक्का ध्यानात राहिला तरी पुढच्या अनेक चुका टळतात.

पंपाचे कार्य

पंप हे मोबाइल फोनपेक्षाही लहान असे यंत्र आहे. त्यात शीघ्र कार्य करणारे इन्शुलिन भरलेले असते. एक बारीक नळी व तिच्या टोकाची मऊ कॅन्युला यांतून ते पोटाच्या, नितंबाच्या वा मांडीच्या त्वचेखाली सतत जात राहते. कॅन्युला दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते.

पंप इन्शुलिन दोन प्रकारे देतो. दिवसरात्र थेंबाथेंबाने जाणाऱ्या इन्शुलिनला बेसल म्हणतात. जेवणाच्या वेळी कर्बोदकांचा हिशेब करून, किंवा वाढलेली शर्करा उतरविण्यासाठी एकदम दिलेल्या मात्रेस बोलस म्हणतात. बेसलचा वेग काही तासांपुरता कमी-जास्त करता येतो. पंपाचा खेळाच्या दृष्टीने मोठा लाभ हाच. कारण सकाळी टोचलेले दीर्घकालीन इन्शुलिन दुपारी मागे घेता येत नाही.

या लाभाबरोबर एक धोकाही येतो. पंपात दीर्घकाळ टिकणारे इन्शुलिन नसते, त्यामुळे त्वचेखाली साठा राहत नाही. कॅन्युला निसटली, नळी दुमडली किंवा पंप काढून ठेवला की काही तासांतच शरीर इन्शुलिनविना पडते, किटोन वाढू लागतात आणि उलट्या, पोटदुखी, दीर्घ श्वास अशी लक्षणे दिसू लागतात. पंपावरील बालक उलट्या व पोटदुखी घेऊन आले तर अजीर्णाचे निदान करण्यापूर्वी रक्तशर्करा व किटोन तपासून घ्यावेत.

अलीकडच्या पंपांना त्वचेवरील ग्लुकोज सेन्सर जोडलेला असतो व यंत्र स्वतःच बेसल कमी-जास्त करते. तथापि जेवणाची व खेळाची पूर्वसूचना अशा यंत्रासही द्यावी लागते.

खेळताना शर्करा का उतरते?

निरोगी बालक धावू लागले की त्याचे स्वादुपिंड इन्शुलिनचे स्रवण आपोआप कमी करते. त्यामुळे यकृत साठविलेली शर्करा रक्तात सोडू शकते. आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही शर्करा ओढून घेत असतात. यकृताचा पुरवठा व स्नायूंचा खर्च यांचा मेळ बसतो आणि रक्तशर्करा स्थिर राहते.

पंपावरील बालकात हा मेळ बिघडतो. तासा-दीड तासापूर्वी त्वचेखाली गेलेले इन्शुलिन खेळ सुरू झाला म्हणून थांबत नाही. शीघ्र इन्शुलिनचा प्रभाव साधारणतः एक ते दीड तासाने शिखरावर असतो व तीन ते पाच तास टिकतो. रक्तप्रवाह वाढल्याने ते त्वचेखालून अधिक वेगाने शोषलेही जाते. यकृताचे दार इन्शुलिन बंद ठेवते आणि स्नायू मात्र शर्करा ओढतच राहतात. परिणामी शर्करान्यूनता, म्हणजे हायपोग्लायसेमिया होतो.

मात्र सर्व व्यायामांचा परिणाम एकसारखा नसतो. पळणे, पोहणे, सायकल, गड चढणे अशा सलग व मध्यम श्रमांत शर्करा उतरते. शंभर मीटर धाव किंवा वजन उचलणे अशा तीव्र व अल्पकालीन श्रमांत अॅड्रिनलिनमुळे ती तात्पुरती वाढू शकते. कबड्डी, खो-खो, फुटबॉल यांत दोन्ही प्रकारांचे मिश्रण असल्याने उतार तुलनेने सौम्य असतो. स्पर्धेच्या दिवशी केवळ मनाच्या ताणानेही शर्करा चढते. यासाठी “व्यायामाने शुगर कमी होते” हे सरसकट विधान पालकांपुढे करू नये.

बलार्धाची लक्षणे व शर्करान्यूनता

वैद्याने थांबून विचार करावा असा मुद्दा येथे आहे. व्यायाम अर्धशक्तीपर्यंत करावा असे आपले शास्त्र सांगते. ललाट, नासिका व संधी यांवर स्वेद येणे, मुखशोष होणे, श्वास मुखावाटे येऊ लागणे ही बलार्धाची लक्षणे आपण रुग्णास शिकवितो. आता शर्करान्यूनतेची लक्षणे पाहा : घाम, कंप, हृदयाची धडधड, थकवा, भूक, चिडचिड, चेहरा पांढरा पडणे, लक्ष न लागणे. मैदानावर धावणाऱ्या बालकात या दोन्ही यादी एकमेकींत मिसळून जातात. घाम खेळाचा की न्यूनतेचा, थकवा बलार्धाचा की मेंदूस शर्करा न पोचल्याचा, हे केवळ दर्शन-स्पर्शनाने ठरत नाही. या बालकापुरते लक्षण पुरेसे नाही. मोजमाप आवश्यक आहे. संशय आला की खेळ थांबवून बोटातील रक्त तपासावे. तपासणे शक्य नसेल तर न्यूनता आहे असे गृहीत धरून ग्लुकोज द्यावे.

आणखी एक विचार. अष्टांगहृदयात सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांत बालकाची गणना आहे. तो निषेध देहायास घडविणाऱ्या नियमित व्यायामाचा मानावा, बालसुलभ खेळाचा नव्हे, असे आम्हांस वाटते. पाच ते सतरा वर्षे वयोगटास दररोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे आणि मधुमेही बालक त्याला अपवाद नाही. त्याला खेळापासून दूर ठेवणे हे पथ्य नव्हे. ते बालकाच्या बलाचे व मनाचे नुकसान आहे.

खेळापूर्वीचे नियोजन

पुढील आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या परिमाणात आहेत. ते २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मतैक्यावर आधारित असून, प्रत्येक बालकाचे अंतिम आकडे त्याच्या तज्ज्ञांनीच ठरवायचे असतात.

१) शर्करा ९० पेक्षा कमी : खेळ सुरू करू नये. १० ते २० ग्रॅम ग्लुकोज देऊन ती ९० च्या वर जाईपर्यंत थांबावे.

२) ९० ते १२५ : सलग श्रमाचा खेळ असेल तर आधी सुमारे १० ग्रॅम ग्लुकोज द्यावे.

३) १२६ ते १८० : आरंभासाठी ही उत्तम पातळी होय.

४) १८१ ते २७० : खेळता येते, लक्ष ठेवावे.

५) २७० पेक्षा अधिक : प्रथम किटोन तपासावेत. शर्करा नुकत्याच घेतलेल्या आहाराने वाढली असून किटोन नसतील तर हलका खेळ चालतो. रक्तातील किटोन ०.६ ते १.४ मिलिमोल असल्यास आधी त्यांचे कारण शोधून उपाय करावा, १.५ वा अधिक असल्यास खेळ पूर्ण वर्ज्य. अशा वेळी शरीरात इन्शुलिन पोचतच नसते आणि श्रमाने किटोन आणखी वाढतात. कॅन्युला बदलणे, सिरिंज वा पेनने इन्शुलिन देणे व तज्ज्ञांशी संपर्क साधणे हेच त्या वेळचे कर्तव्य होय.

मागील चोवीस तासांत बेशुद्धी वा झटके आणणारी तीव्र शर्करान्यूनता झाली असेल तर त्या दिवशी खेळू देऊ नये. एकदा न्यूनता झाली की पुढच्या वेळी शरीराची धोक्याची सूचना मंदावते.

इन्शुलिनच्या बाबतीत दोन गोष्टी केल्या जातात. खेळ जेवणानंतर दीड ते तीन तासांच्या आत असेल तर त्या जेवणाचा बोलस २५ ते ७५ टक्क्यांनी कमी करतात. तसेच खेळाच्या ६० ते ९० मिनिटे आधीपासून बेसल ५० ते ८० टक्क्यांनी कमी करतात. एवढे आधी का, हे पालकांस समजावून सांगावे. मैदानावर पोचल्यावर पंप बंद केला तरी आधीचे इन्शुलिन पुढचा तासभर काम करीतच असते. शिटी वाजल्यावर नळ बंद करून उपयोग नाही, टाकीतले पाणी वाहतच राहते.

स्वयंचलित पंपात यासाठी ‘व्यायाम’ अशी वेगळी सोय असते. ती खेळाच्या एक ते दोन तास आधी सुरू करावी लागते. अशा पंपावरील बालकाने अतिरिक्त खाणे फार आधी घेऊ नये. शर्करा चढताना दिसली की यंत्र अधिक इन्शुलिन सोडते आणि ऐन खेळात न्यूनता येते. खेळाच्या पाच-दहा मिनिटे आधी घेतलेले ग्लुकोज अधिक उपयोगी पडते.

खेळ चालू असताना

कबड्डी, कुस्ती, पोहणे यांत पंप काढून ठेवावा लागतो. पंप काढून ठेवण्याचा काळ दोन तासांपेक्षा कमी असावा. स्वयंचलित पंप काढताना त्याचे इन्शुलिन देणेही थांबवावे, अन्यथा न मिळालेले इन्शुलिन मिळाले असे यंत्र धरून चालते. काढलेला पंप उन्हात, मोटारीत वा मैदानाच्या कडेला ठेवू नये. उष्णतेने इन्शुलिन निकामी होते.

बेसल थांबविण्याचा परिणाम किती होतो याचा एक अभ्यास अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. पंपावरील ८ ते १७ वर्षांच्या ४९ मुलांना दुपारनंतर चालपट्टीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे चार टप्पे चालविण्यात आले. बेसल चालू असता ४३ टक्के मुलांना शर्करान्यूनता झाली, बेसल थांबविले असता १६ टक्क्यांना. मात्र शर्करा बरीच वाढण्याचे प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. इन्शुलिन तोडल्याने एक धोका घटतो व दुसरा वाढतो, हा यातील बोध आहे. सरसकट “इन्शुलिन बंद करा” हा सल्ला म्हणूनच कोणी देऊ नये.

इन्शुलिन आधी कमी करणे जमले नसेल, जसे मुले अचानक गल्लीत खेळायला धावतात, तर खाण्याने तोल सांभाळावा लागतो. सलग श्रमासाठी साधारणतः दर किलो वजनास दर तासाला अर्धा ते एक ग्रॅम कर्बोदके लागतात. दर अर्ध्या तासाने शर्करा पाहावी. सेन्सर त्वचेखालील द्रवातील शर्करा मोजत असल्याने वेगाने होणारा बदल त्यात काही मिनिटे उशिरा दिसतो. सेन्सर ८५ दाखवीत असेल व बाण खाली असेल तर प्रत्यक्ष रक्तातील आकडा त्याहून खाली गेलेला असू शकतो. आकड्याइतकेच महत्त्व बाणाला द्यावे.

खेळानंतर आणि रात्री

पालकांची दक्षता खेळ संपला की सैल होते. वस्तुतः तेव्हा दुसरा टप्पा सुरू होतो. रिकामे झालेले स्नायू व यकृत आपला साठा पुन्हा भरू लागतात आणि शरीराची इन्शुलिनविषयीची संवेदनशीलता चोवीस तासांपर्यंत वाढलेली राहू शकते. सायंकाळच्या खेळानंतर सात ते अकरा तासांनी, म्हणजे मध्यरात्र ते पहाट या वेळेत न्यूनतेचा धोका विशेष असतो. बालक त्या वेळी निद्राधीन असते आणि लक्षणे बोलून दाखवू शकत नाही.

म्हणून नेहमीपेक्षा अधिक खेळ झाला असेल त्या दिवशी रात्रीच्या जेवणाचा बोलस थोडा कमी करणे, निजताना सहा तासांसाठी बेसल सुमारे २० टक्के उतरविणे आणि रात्री दोनच्या सुमारास एकदा शर्करा तपासणे, असे उपाय तज्ज्ञ सुचवितात. खेळ संपताच वाढलेली दिसलेली शर्करा उतरविण्यासाठी पूर्ण बोलस देण्याची घाई करू नये. ती अॅड्रिनलिनने चढलेली असेल तर अनेकदा आपोआप उतरते. उपाय करावयाचाच असेल तर नेहमीच्या सुमारे निम्मी मात्रा पुरते.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, ३४ किलो वजनाची अकरा वर्षांची मुलगी आहे. सायंकाळी ५ ते ६ तिचा खो-खोचा सराव असतो. सायंकाळचे बेसल ताशी ०.५ युनिट आणि दर १५ ग्रॅम कर्बोदकांस १ युनिट असा तिचा हिशेब आहे.

दुपारी साडेतीनला ती दीड पोळी व भाजी खाते, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके. नेहमी त्यास २ युनिट लागतात. सरावाच्या दिवशी १ युनिट दिले जाते. पावणेचारला बेसल निम्मे, म्हणजे ताशी ०.२५ युनिट केले जाते व ते सहापर्यंत तसेच राहते. पाचला दहा मिनिटे कमी असताना शर्करा ११८ भरते, म्हणून १० ग्रॅम ग्लुकोज घेऊन ती मैदानात उतरते. साडेपाचला १३४ व बाण खाली. आणखी १० ग्रॅम. साडेसहाला घरी आल्यावर १४८. रात्रीच्या जेवणातील ६० ग्रॅम कर्बोदकांस ४ ऐवजी ३ युनिट. साडेनऊला निजताना सहा तासांसाठी बेसल २० टक्के कमी.

हीच मुलगी स्पर्धेच्या दिवशी मैदानावर पोचते तेव्हा शर्करा २४० असते. खाणे तेच, पंप तोच. फरक मनाच्या ताणाचा. तेथे घाबरून मोठा बोलस दिला तर सामन्याच्या उत्तरार्धात ती कोसळेल. अशी टिपणे वहीत महिनाभर ठेवली की प्रत्येक बालकाचा स्वतःचा नमुना हाती येतो. वैद्याने ती वही आवर्जून मागून पाहावी. औषध देण्यापूर्वी तिचा उपयोग होतो.

आपली औषधे व उपक्रम

१) *शर्कराघ्न द्रव्ये* : मेषशृंगी, विजयसार, मामेजवा, कारवेल्लक, जांभूळबीज, मेथिका ही द्रव्ये स्थूल प्रमेह्यात आपण वापरतो. या बालकात ती इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाहीत. मोजून-मापून बसविलेल्या तोलात मात्र अनिश्चित भर घालतात. कारल्याच्या काढ्यानंतर बालकांत गंभीर शर्करान्यूनता झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पालकांनी परस्पर असे काही सुरू केले आहे का, हे विचारावे व तज्ज्ञांस कळविण्यास सांगावे.

मेषशृंगीबाबत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तिचे पान चावल्यावर काही काळ जिव्हेस मधुर रसाचे ज्ञान होत नाही. म्हणूनच तिला मधुनाशिनी म्हणतात. न्यूनता झालेल्या बालकास त्या वेळी ग्लुकोज दिले तर ते मातीसारखे लागते व आधीच चिडलेले बालक ते थुंकून टाकते.

२) *शर्करायुक्त कल्प* : सितोपलादि चूर्णात शास्त्रोक्त प्रमाणाने ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते, म्हणजे ३ ग्रॅम चूर्णात सुमारे दीड ग्रॅम. अवलेह, पाक व सरबते यांत याहून पुष्कळच अधिक असते. हे कल्प निषिद्ध आहेत असे नव्हे. त्यांतील साखर पालकांस आकड्यात सांगितली की ते तिचा हिशेब बोलसमध्ये करू शकतात. “मधात चाटवा” असे लिहितानाही मधाचे मोजमाप लिहावे.

३) *आसव-अरिष्टे* : यांत गूळ-साखरेबरोबर स्वयंजनित मद्यांशही असतो. मद्यांश यकृतातून शर्करा बाहेर पडण्यास अडथळा करतो. मात्रा अल्प असली तरी खेळाच्या दिवशी सायंकाळी बालकास आसव देण्याऐवजी क्वाथ वा वटीचा पर्याय निवडावा.

४) *अभ्यंग व स्वेदन* : उष्णता व मर्दन यांमुळे त्वचेखालील इन्शुलिन वेगाने शोषले जाते. बोलस दिल्यानंतर लगेच सर्वांग अभ्यंग, बाष्पस्वेद वा कढत पाण्याचे स्नान केल्यास खेळाशिवायही शर्करा उतरू शकते. खेळून आल्यावर दमलेल्या बालकाचे अंग शेकण्याची आपल्या घरांतील पद्धत येथे विचारपूर्वक वापरावी. तेलामुळे कॅन्युलेची चिकटपट्टी सुटते. कॅन्युला व सेन्सर यांच्या भोवती चार बोटे जागा सोडून, कोमट तेलाने, शर्करा तपासूनच अभ्यंग करावा.

५) *वमन, विरेचन, लंघन* : आहार बंद वा अनिश्चित होतो अशा कोणत्याही उपक्रमाचा विचार या बालकात तज्ज्ञांच्या सहभागाशिवाय करू नये.

औषधी विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे असे

ग्लुकोज पावडर वा गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या व किटोन पट्ट्या दुकानात असू द्याव्यात. गोळीत किती ग्रॅम ग्लुकोज आहे ते वेष्टनावर वाचून ग्राहकास सांगावे. ‘शुगर फ्री’ असे लिहिलेले पेय न्यूनतेत निरुपयोगी आहे, हे विक्रेत्यानेच आठवणीने सांगावयास हवे. मुलाच्या मधुमेहासाठी कोणी परस्पर ‘आयुर्वेदिक शुगरची गोळी’ मागितली तर ती न देता वैद्याकडे पाठवावे. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषध व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याखाली निषिद्ध आहे. तसे फलक वा पत्रके दुकानात लावू नयेत. अशा एखाद्या पत्रकावर विसंबून पालकांनी इन्शुलिन थांबविले तर बालकाचा जीव जाऊ शकतो.

तातडीचा उपचार

शर्करा ७० पेक्षा कमी झाली व बालक शुद्धीवर असून गिळू शकते, तर दर किलो वजनास ०.३ ग्रॅम या हिशेबाने ग्लुकोज द्यावे; वरील ३४ किलोच्या मुलीस ते सुमारे १० ग्रॅम होते. स्वयंचलित पंपावरील बालकास यापेक्षा कमी पुरते. ग्लुकोज नसेल तर साखरेचे पाणी चालते. चहाच्या एका सपाट चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर असते. पेढा, लाडू, चॉकलेट देऊ नये, कारण त्यांतील स्नेहामुळे शर्करा उशिरा शोषली जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा न वाढल्यास तीच मात्रा पुन्हा द्यावी. ५४ पेक्षा कमी आकडा गंभीर मानावा.

बालक बेशुद्ध असेल वा झटके येत असतील तर मुखावाटे पाणी, मध, औषध काहीही देऊ नये. त्याला कुशीवर वळवावे. पंप काढून ठेवावा. ग्लुकागॉनचे इंजेक्शन उपलब्ध असेल तर द्यावे (२५ किलोपेक्षा कमी वजनास ०.५ मि.ग्रॅ., अधिक वजनास १ मि.ग्रॅ.) आणि शिरेतून ग्लुकोज देण्यासाठी त्वरित रुग्णालयात न्यावे.

क्रीडाशिक्षकास ही माहिती आधीच लेखी द्यावी. मैदानावर आई-वडील नसतात, ग्लुकोजची पुडी ज्याच्या खिशात असेल तोच त्या क्षणी चिकित्सक असतो.

सारांश

१) टाइप १ मधुमेहात इन्शुलिन हे जीवन आहे, कोणत्याही औषधाने, आहाराने वा व्यायामाने त्याची जागा भरून निघत नाही.

२) बालकाने खेळावे. त्यासाठी खेळाच्या तास-दीड तास आधीपासून पहाटेपर्यंतचे नियोजन लागते.

३) बलार्धाची व शर्करान्यूनतेची लक्षणे एकमेकींसारखी दिसतात, म्हणून अनुमानाऐवजी मोजमाप करावे.

४) शर्कराघ्न द्रव्ये, साखरयुक्त कल्प, आसवे, अभ्यंग व स्वेदन यांचा शर्करेवर परिणाम होतो. आपण काय देतो ते बालकाच्या तज्ज्ञांस लेखी कळवावे.

५) पंपावरील बालकास उलट्या होत असतील तर प्रथम शर्करा व किटोन, मग निदान.

कृश प्रमेह्याचे बल राखावे असे आपल्या आचार्यांनी सांगितले. त्या काळी त्यांच्यापाशी इन्शुलिन नव्हते. आज ते आहे, म्हणून तो कृश बालक मैदानात धावू शकतो. त्याचे धावणे सुरक्षित राहील असा सल्ला देणे, हे त्याच बलरक्षणाचे काम होय.